धावणारी गाडी थांबली की बंद का पडते?

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट जुनी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात, एसी बंद ठेवून का होईना, तक्रार न करता चढते. खरी पंचाईत उतरताना होते. अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता, दुसऱ्या गिअरात गाडी शेवटच्या वळणापर्यंत येते. समोर रिक्षा आडवी येते, चालक क्लच दाबतो आणि इंजिन गप्प. चावी फिरवली की लगेच सुरू. पुढे कल्याण-कर्जत रस्त्याला लागली की शेलूपर्यंत व्यवस्थित पळते आणि वळायला थांबली की पुन्हा बंद. चढावर पाच माणसं ओढणाऱ्या इंजिनाला नुसतं स्वतःपुरतं फिरत राहणं का जमू नये?

नेरळ स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. वर्षानुवर्षं या घाटात मारुती ओम्नी धावल्या. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, मारुती ८०० चं २०१४ मध्ये. तरी या दोन्ही गाड्या आणि त्यांच्या बरोबरीच्या झेन, सँत्रो, अल्टो, वॅगन-आर कर्जत-खालापूर भागात अजून भरपूर दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी: इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन असलेल्या, पण आजच्या मानानं साध्या गाड्यांसाठी.

उभं राहणं अवघड का असतं

पाय काढल्यावर इंजिन ज्या संथ गतीनं फिरत राहतं त्याला मेकॅनिक ‘स्लो’ म्हणतात. बहुतेक छोट्या गाड्यांत हा आकडा मिनिटाला ८०० ते ९५० फेऱ्यांच्या आसपास असतो. या अवस्थेत इंजिन कसलंच उपयोगी काम करत नाही. स्वतःचं घर्षण, पंप आणि अल्टरनेटर ओढण्यापुरती ताकद काढतं.

तीन सिलिंडरचं इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना सेकंदाला २० वेळा ज्वलन होतं. त्यातलं एखादं फसलं तर पुढचं येईपर्यंत इंजिनाला फ्लायव्हीलनं साठवलेल्या गतीवर निभावून न्यावं लागतं. ही साठवण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३,००० फेऱ्यांवर ती ८०० च्या तुलनेत चौदा पट असते. त्यामुळे वेगात असताना एखादा ठोका चुकला तरी कळत नाही, पण स्लोवर तोच ठोका चुकला की स्टिअरिंग थरथरतं. रस्त्यावर महिनोन् महिने लपलेली खोड उभ्या गाडीत उघडी पडते ती यामुळे.

दुसरं कारण हवेचं. पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. अॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल नावाची गोल झडप उघडते, हवा आत जाते आणि त्या हवेच्या हिशेबानं पेट्रोल सोडलं जातं. पाय काढला की झडप जवळजवळ बंद. मग स्लोवर लागणारी थोडीशी हवा येते कुठून?

भाताच्या खाचरात पाणी राखणाऱ्याला हे चटकन समजेल. बांधाची मोठी खांड मातीनं बुजवलेली असते आणि बाजूला एक बारीक खांड ठेवलेली असते. तिथला चिखल थोडा सारून किंवा थोडा लावून शेतकरी पाण्याची पातळी सांभाळतो. आता त्याच बांधात खेकड्यानं बीळ पाडलं असं समजा. मोठी खांड उघडी असताना धो धो पाणी वाहतं, तेव्हा बिळातल्या धारेचा पत्ताही लागत नाही. मोठी खांड बुजवली की मात्र तीच धार सगळा हिशेब बिघडवते. गाडीत मोठी खांड म्हणजे थ्रॉटल, बारीक खांड म्हणजे त्याला वळसा घालून हवा सोडणारा आयडल व्हॉल्व, आणि बीळ म्हणजे चिरलेला रबरी पाईप किंवा सुकलेलं गॅस्केट. बारीक खांड चिखलानं बुजली तर गाडी बंद पडते. बीळ पडलं तर फेऱ्या चढतात किंवा वर-खाली होतात. स्लोच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या दोन वाक्यांत मावतात.

स्क्रूचा जमाना गेला, सवय राहिली

कार्बोरेटरच्या गाडीत दोन स्क्रू असत, एक फेऱ्यांचा आणि दुसरा पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा. कान तयार असलेला मेकॅनिक दोन मिनिटांत स्लो लावून देई. १९९८ मध्ये आलेल्या सँत्रोत सुरुवातीपासून एमपीएफआय होतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोलची स्वतंत्र पिचकारी. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी २००० च्या सुमारास मारुतीच्या छोट्या गाड्याही त्या वाटेनं गेल्या.

या गाड्यांत स्लो किती असावा हे इंजिनाचा संगणक ठरवतो. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. इंजिन किती गरम आहे, एसी चालू आहे का, हेडलाइट लावलेत का, हे पाहून तो आयडल व्हॉल्व उघडतो किंवा मिटतो. एसीचा कॉम्प्रेसर जोडण्याआधी क्षणभर जास्त हवा सोडणं हेही त्याचंच काम.

तरी आजही गाडी बंद पडते म्हटलं की पहिला हात थ्रॉटलच्या टेकणीच्या स्क्रूकडे जातो. कारखान्यात लावून त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असतो, तो उगाच नाही. स्क्रू आत घेतला की झडप थोडी उघडी राहते, फेऱ्या वाढतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण झडपेच्या दांड्याला एक सेन्सर जोडलेला असतो. झडप पूर्ण मिटली की त्यातून ठरावीक, साधारण अर्ध्या व्होल्टचा संदेश जातो. स्क्रू फिरवल्यावर हा आकडा वाढतो आणि संगणकाला वाटतं, चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर आहे. मग तो स्लो सांभाळायचं सोडून देतो. मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर एक नवा जमा होतो. जुनी गाडी विकत घेताना या ठिपक्याकडे मी इंजिनाच्या आवाजाइतकंच लक्ष देऊन बघतो.

घाटाच्या पायथ्याशी

उतारावर पाय काढलेला असतो, फेऱ्या दीड-दोन हजारांच्या वर असतात. अशा वेळी संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो; इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे इथंच फसतात. न्यूट्रलमध्ये स्लोचं पेट्रोल जळतच राहतं आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

क्लच दाबला की चाकांचा आधार सुटतो आणि फेऱ्या झपाट्यानं कोसळतात. त्या ८०० च्या खाली जायच्या आत पेट्रोल पुन्हा सुरू व्हायला हवं आणि आयडल व्हॉल्व पुरेसा उघडलेला हवा. व्हॉल्व काजळीनं जड झाला असेल तर तो अर्धा सेकंद मागे राहतो, आणि तेवढं पुरतं. यात धोकाही आहे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोनदा पेडल दाबण्यापुरतीच शक्ती उरते, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगची मदत तर लगेच थांबते.

काजळी येते ती इंजिनाच्या पोटातून. ऑइलच्या वाफा बाहेर न सोडता पुन्हा आत जाळण्यासाठी एक नळी दिलेली असते. त्या वाफा थ्रॉटलच्या कडेवर आणि व्हॉल्वच्या वाटेत चिकट थर धरतात. शेलू ते नेरळ, नेरळ ते शेलू एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हा थर लवकर साचतो, कारण इंजिन धड तापतच नाही.

सफाई अवघड नाही. हवेचा पाईप काढा, कापडावर थ्रॉटल क्लीनर मारून झडपेची कड आणि आतली भिंत पुसा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश नको. काही थ्रॉटलवर संरक्षक लेप असतो. व्हॉल्व सुटा निघत असेल तर त्याच्या टोकाला फवारा द्या, पण ते टोक बोटांनी आत ढकलू नका किंवा पिळू नका, आतली बारीक गिअरची यंत्रणा तुटते. सफाईनंतर फेऱ्या काही वेळ जास्त राहिल्या तर घाबरायचं कारण नाही. काजळी होती तेव्हा संगणकानं व्हॉल्व जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. ती सुटायला थोडा वेळ जातो.

बीळ शोधताना

स्लोवर इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागात, दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे कुठंही चीर असली की बाहेरची हवा सूं करत आत शिरते. आमच्याकडे अशा चिरा पाडणारा एक हक्काचा कारागीर आहे: भातकापणीनंतर गरम बॉनेटखाली आसरा घेणारा उंदीर. बारीक रबरी नळ्या आणि वायरींची वेटोळी तो एका रात्रीत कुरतडतो.

या गळतीचा परिणाम सगळ्या गाड्यांत सारखा होत नाही, आणि म्हणूनच दोन मेकॅनिक दोन उलट गोष्टी सांगतात. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे, येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. चिरेतून शिरलेली हवा त्याला चुकवून आत येते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन अडखळतं. पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. चिरेतून हवा आली की दाब वाढतो, संगणक इमानदारीत त्या हवेचंही पेट्रोल देतो आणि फेऱ्या चढतात. तो आयडल व्हॉल्व मिटत जातो, पार मिटला तरी फेऱ्या उतरत नाहीत. दीड हजाराच्या वर गेल्या की त्याला वाटतं गाडी उतारावर आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. फेऱ्या पडतात, तो पुन्हा पेट्रोल सोडतो, त्या पुन्हा चढतात. उभी गाडी घूंऽ-घूंऽ करत वर-खाली होते ती या चक्रामुळे.

शोधायची सोपी रीत: इंजिन चालू ठेवून एकेक रबरी नळी पक्कडीनं, कापड मध्ये धरून, हलकेच दाबायची. जी दाबल्यावर फेऱ्या जागेवर येतात, त्या नळीच्या पुढे बीळ आहे. नळ्या निघाल्या निर्दोष तर मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून आवाज बदलतो का ऐकायचं. अनेक जण इथं कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो आणि सायलेन्सरचा तापलेला भाग वीतभर अंतरावर असतो, त्यामुळे मी तरी पाण्यावरच थांबेन. ब्रेक बूस्टरची परीक्षा याहून सोपी. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, त्याची नळी किंवा तिच्यातला व्हॉल्व संशयित.

गरम इंजिन, थंड खबर

इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर स्वस्त आणि छोटा, पण त्याच्या शब्दावर संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो. अनेक गाड्यांत २० अंशांना तो दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. साध्या मल्टिमीटरनं हे घरी पाहता येतं. सेन्सर ‘थंडच आहे’ सांगत राहिला तर जास्त पेट्रोल आणि जास्त फेऱ्या चालूच राहतात, मायलेज पडतं, प्लग काळे होतात.

पुष्कळदा सेन्सर खरंच बोलत असतो, कारण इंजिन खरंच थंड असतं. घाटात गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढणं हा तापण्यावरचा उपाय नव्हेच. रेडिएटर तुंबलाय किंवा पंखा लागत नाही, हे त्यामागे लपून राहतं. आणि थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन पावसाळ्यात रस्त्यावर कधी पुरतं तापतच नाही.

चौकट: लक्षण पाहून पहिला संशय

• घाट उतरून किंवा सिग्नलला थांबताच बंद: थ्रॉटल आणि आयडल व्हॉल्वची काजळी.

• फेऱ्या एका तालात वर-खाली: हवेची गळती.

• एसी लावताच गाडी गचकते: व्हॉल्व जड, नाहीतर कमजोर बॅटरी, अल्टरनेटर किंवा गंजलेली अर्थिंगची पट्टी.

• काळा धूर, पेट्रोलचा वास: तापमानाचा सेन्सर, दाबाच्या सेन्सरची सुटलेली नळी, गळका प्रेशर रेग्युलेटर.

• टाकी फुल्ल केल्यावर लगेच अडखळते: टाकीतल्या वाफा इंजिनाकडे नेणारा पर्ज व्हॉल्व उघडा अडकलेला.

• एका ठरावीक ठोक्यावर हिसका: एक सिलिंडर काम करत नाही.

एक सिलिंडर झोपला तर

शेवटची तक्रार ओळखायला इंजिन स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरचा वायरचा प्लग काढून परत लावायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी थरथरतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तो आधीच झोपलेला. मात्र स्पार्क प्लगची जाड वायर चालू इंजिनात उपसू नका. झटका जोरदार बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. मग प्लग, वायर, कॉइल आणि इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून बघा. दोष ज्या वस्तूबरोबर सरकला ती खराब.

दोष कशाबरोबरच सरकला नाही तर कॉम्प्रेशन मोजावं लागतं. वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेल्या गाडीत इथं हमखास काहीतरी सापडतं. व्हॉल्व आपल्या बैठकीत झिजून आत बसत जातात, टॅपेटची फट नाहीशी होते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व पुरता मिटत नाही. सकाळी गाडी छान, दुपारी उभ्यानं थरथरते, वेगात पुन्हा ठीक. टॅपेट सेट करण्याची सोय असलेल्या इंजिनात फीलर गेज घेतलेला जाणता मेकॅनिक हे निम्म्या दिवसात निस्तरतो, आणि त्याआधी निष्कारण दोन सेन्सर बदललेले असतात. गाडी पेट्रोलवर नीट आणि सीएनजीवरच अडखळत असेल तर मात्र इंजिन सोडा, किट लावणाऱ्याकडे जा.

महिनाभर उभी राहिलेली

शेलू, वांगणी, नेरळ पट्ट्यात लोकलनं मुंबईला जाणाऱ्यांच्या सोसायट्या आणि सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली, तशी उभ्या गाड्यांची संख्याही वाढली. बॅटरी उतरली किंवा काढून ठेवली की संगणक शिकलेलं विसरतो. ती जोडल्यावर लगेच स्लो डळमळला तर हत्यारं काढू नका. एसी, दिवे बंद ठेवा, अॅक्सिलरेटरला हात-पाय न लावता रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालू द्या, मग थोडा वेळ एसी लावून ठेवा आणि एक चक्कर मारून या. मॉडेलप्रमाणे पद्धत थोडी बदलते, पण बहुतेक गाड्या एवढ्यानं ताळ्यावर येतात.

पेट्रोलही बदललं आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. म्हणजे त्याच हवेला हे मिश्रण थोडं जास्त लागतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ही तफावत ओळखून पेट्रोल वाढवून घेतो, पण स्वतः तापल्यानंतरच. म्हणून जुनी गाडी थंडीत सकाळी पहिली काही मिनिटं अशक्तासारखी फिरते आणि मग सुधारते. शिवाय इथेनॉल ओल शोषतो. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये.

शेवटी स्क्रू

सगळं तपासून झाल्यावरच फेऱ्या लावायचा विचार करायचा. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. आधी चावी फिरवून इंजिन सुरू न करता इंजिनचा पिवळा दिवा लागतो का पाहा. लागून, सुरू केल्यावर विझायला हवा. लागतच नसेल तर विकणाऱ्यानं बल्ब काढलेला असू शकतो, ही युक्ती जुनी आहे. मग स्कॅनर लावून आयडल व्हॉल्व किती टक्के उघडा आहे ते विचारा. व्हॉल्व कंपनीनं दिलेल्या मर्यादेत असेल तर लावायला काही उरलेलंच नाही. तो मर्यादेबाहेर असेल आणि थ्रॉटल बॉडीवर टोपणाखाली बगलेच्या हवेचा स्क्रू असेल, तर पाव-पाव फेरा फिरवत तो आकडा मर्यादेत आणतात. हा स्क्रू वेगळा. रंगाचा ठिपका असलेल्या टेकणीच्या स्क्रूला या कामातही हात लावत नाहीत.

त्यानंतर पीयूसी करून घ्या आणि पावती खिशात घालण्याआधी वाचा. त्यातले हे आकडे स्लोवर मोजतात. भारत स्टेज २ आणि ३ च्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, ७५० पीपीएमपर्यंत चालतं. स्टेज ४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. पहिला आकडा चढलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय: तापमानाचा सेन्सर, रेग्युलेटर, ऑक्सिजन सेन्सर बघा. पहिला अगदी कमी आणि दुसरा भरमसाट असेल तर कुठंतरी ठोका चुकतोय, आणि शोध पुन्हा प्लग, गळती आणि टॅपेटपासून सुरू करावा लागेल.